बुरशीला औषध करणारे हॉवर्ड फ्लोरी

शिळ्या भाकरीवर किंवा लोणच्याच्या बरणीत बुरशी दिसली की ती टाकून द्यायची, ही आपल्या घरांतली जुनी रीत आहे आणि ती योग्यच आहे. पण बुरशीच्या असंख्य जातींपैकी एका जातीने गेल्या ऐंशी वर्षांत कोट्यवधी माणसांचे प्राण वाचवले. त्या औषधाचे नाव पेनिसिलिन. हे नाव घेताच शाळेच्या पुस्तकातले अलेक्झांडर फ्लेमिंग आठवतात. बुरशीचा हा गुण फ्लेमिंग यांना दिसला, हे खरेच आहे. परंतु तो दिसल्यापासून शुद्ध केलेले पेनिसिलिन गंभीर आजारी माणसाच्या शिरेत जाईपर्यंत बारा वर्षांहून अधिक काळ गेला. ते अंतर ज्यांच्या चिकाटीमुळे कापले गेले, त्या हॉवर्ड फ्लोरी यांचे नाव मात्र आपल्याकडे फारसे घेतले जात नाही. दिसणे वेगळे आणि माणसाच्या हाती लागणे वेगळे, हे त्यांच्या चरित्राइतके स्पष्ट दुसरे कोणाचे चरित्र क्वचितच सांगेल.

फ्लोरी यांचा जन्म २४ सप्टेंबर १८९८ रोजी ऑस्ट्रेलियातील अॅडलेड शहरात झाला. वडील जोसेफ हे इंग्लंडमधील ऑक्सफर्डशायर परगण्यातून तिकडे जाऊन स्थायिक झालेले. त्यांचा पादत्राणांचा मोठा व्यवसाय होता. सगळ्या बहिणींच्या पाठीवर झालेला हा एकुलता एक मुलगा. अभ्यासात हुशार, खेळात तरबेज, बोलण्यात तुटक. थोरली बहीण हिल्डा डॉक्टर झाली आणि भावानेही तीच वाट धरली. फ्लोरी वैद्यकीचे शिक्षण घेत असतानाच वडिलांचा धंदा बुडाला आणि १९१८ साली वडीलही गेले. शिष्यवृत्त्यांच्या आधारावर फ्लोरी १९२१ साली डॉक्टर झाले. त्यांना ऱ्होड्स शिष्यवृत्ती मिळाली आणि जहाजावरचे डॉक्टर म्हणून काम करत ते इंग्लंडला पोहोचले. वडील जो मुलूख सोडून गेले होते, त्याच मुलखातील ऑक्सफर्ड विद्यापीठात मुलगा शिकायला आला.

तिथे त्यांना चार्ल्स शेरिंग्टन यांच्यासारखे गुरू लाभले. शरीरातले अवयव काम कसे करतात हे पाहून मगच रोगाकडे वळावे, ही शिस्त फ्लोरी यांनी त्यांच्याकडून घेतली. पुढे रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीने ते काही काळ अमेरिकेत गेले आणि फिलाडेल्फियात आल्फ्रेड न्यूटन रिचर्ड्स यांच्या प्रयोगशाळेत काम केले. ही ओळख पंधरा-सोळा वर्षांनी केवढी उपयोगी पडणार आहे, याची तेव्हा दोघांनाही कल्पना नव्हती. १९२६ साली अॅडलेडच्या वैद्यकीय महाविद्यालयातील मैत्रीण एथेल रीड हिच्याशी त्यांचा विवाह झाला. हा संसार सुखाचा झाला नाही. एथेल यांना ऐकू कमी येई, प्रकृतीही साथ देत नसे आणि नवरा दिवसरात्र प्रयोगशाळेत. तरीही पुढे पेनिसिलिनच्या कामात या पत्नीचाच मोठा वाटा असणार होता.

इकडे लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात सप्टेंबर १९२८ मध्ये फ्लेमिंग यांनी एक गोष्ट पाहिली. जंतू वाढवण्याच्या काचेच्या बशीत बाहेरून एक बुरशी येऊन पडली होती आणि तिच्या भोवतीचे जंतू विरघळून गेले होते. बुरशीतून झिरपणाऱ्या त्या पदार्थाला त्यांनी पेनिसिलिन हे नाव दिले आणि १९२९ साली त्यावर निबंध प्रसिद्ध केला. पण तो पदार्थ अतिशय नाजूक होता. बुरशीच्या रसातून तो वेगळा काढू गेले की नाहीसा होई. हळूहळू फ्लेमिंग यांचे लक्ष इतर कामांकडे वळले. शेफील्ड शहरात सेसिल पेन या डॉक्टरांनी १९३० साली हाच कच्चा रस वापरून तान्ह्या बाळांच्या डोळ्यांतला जंतुसंसर्ग बरा केला होता, पण त्यांनी ते कुठे छापले नाही. म्हणजे गुण दिसला होता, उपयोगही झाला होता आणि तरीही जगाच्या हाती काहीच लागले नव्हते.

त्या काळी एखादे गळू, नखाशी झालेली जखम किंवा घशाची सूज जीव घेऊ शकत असे. बाळंतपणानंतरचा ताप घरातली कर्ती स्त्री नेई, न्यूमोनिया तरुण माणसाला आठवडाभरात संपवी. १९३५च्या सुमारास सल्फा औषधे आली आणि थोडा दिलासा मिळाला; पण पुवाने भरलेल्या जखमेत ती फारशी चालत नसत आणि त्यांचा त्रासही होई.

त्याच १९३५ साली फ्लोरी ऑक्सफर्डच्या सर विल्यम डन विकृतिशास्त्र संस्थेचे प्रमुख झाले. वय छत्तीस. इमारत मोठी, पैसा कमी. फ्लोरी यांचा एक विश्वास होता. असा प्रश्न एकट्या डॉक्टरने सुटत नाही. त्याला रसायन जाणणारा, जंतू जाणणारा, प्राण्यांवर प्रयोग करणारा आणि हातांनी यंत्रे जुळवणारा, अशी सगळी माणसे एका छपराखाली लागतात. म्हणून त्यांनी हिटलरच्या जर्मनीतून परागंदा झालेले ज्यू जीवरसायनशास्त्रज्ञ अर्न्स्ट चेन यांना बोलावले. पाठोपाठ नॉर्मन हीटली आले. चेन उत्साही, बडबडे आणि तापट. हीटली शांत, संकोची आणि हातात जादू असलेले. या दोघांना एकत्र कामाला जुंपणे हीच एक कसोटी होती.

फ्लोरी यांना आधीपासून लायसोझाइम या पदार्थात रस होता. अश्रू आणि लाळेत सापडणारा हा जंतुनाशक पदार्थही फ्लेमिंग यांनीच शोधला होता. त्याचे काम संपत आल्यावर, १९३८च्या सुमारास फ्लोरी आणि चेन यांनी ठरवले की सूक्ष्म जीव एकमेकांना मारण्यासाठी जे पदार्थ बनवतात, त्यांचा पद्धतशीर शोध घ्यायचा. जुने निबंध चाळताना चेन यांच्या हाती फ्लेमिंग यांचा तो नऊ वर्षांपूर्वीचा निबंध लागला. गंमत अशी की ती बुरशी आणायला कुठे जावे लागले नाही. दुसऱ्याच कामासाठी मागवलेली तिची जोपासना संस्थेत आधीपासून चालू होती.

सप्टेंबर १९३९ मध्ये महायुद्ध सुरू झाले. सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेकडून कामाच्या खर्चासाठी मिळाले अवघे २५ पौंड. फ्लोरी यांनी पुन्हा रॉकफेलर फाउंडेशनचे दार ठोठावले आणि तिथून पाच वर्षांसाठी दरसाल ५,००० डॉलर मंजूर झाले. आता मुख्य अडचण होती ती रसातून पेनिसिलिन बाहेर काढण्याची. आम्ल केलेल्या थंड रसातून ते ईथरमध्ये उतरते हे कळले होते, पण ईथरमधून ते परत काढायचे कसे? हीटली यांनी तोड सुचवली. ईथरमधले पेनिसिलिन किंचित अल्कधर्मी पाण्यात परत घ्यायचे. युक्ती साधी होती आणि ती लागू पडली. मग ते पाणी गोठवून, त्याच अवस्थेत सुकवून तपकिरी भुकटी मिळवली गेली. त्या भुकटीत खऱ्या औषधाचा अंश अगदी थोडा होता, बाकी सगळी अशुद्धी. तरीही कितीतरी पट पातळ केल्यावरसुद्धा तिच्यापुढे जंतू वाढत नव्हते.

शनिवार, २५ मे १९४० या दिवशी फ्लोरी यांनी आठ उंदरांना जीवघेणे स्ट्रेप्टोकोकस जंतू टोचले. चार उंदरांना पेनिसिलिन दिले, चौघांना काहीच दिले नाही. हीटली रात्रभर थांबले. पहाटे साडेतीनपर्यंत औषध न दिलेले चारही उंदीर मेले होते आणि औषध दिलेले चारही जिवंत होते. दुसऱ्याच दिवशी डंकर्कच्या किनाऱ्यावरून इंग्रजांचे पराभूत सैन्य माघारी आणण्याचे काम सुरू झाले. जर्मन सैन्य इंग्लंडमध्ये उतरले तर काय, ही चिंता तेव्हा खरी होती. तशी वेळ आलीच तर प्रयोगशाळा नष्ट करायची, पण बुरशी वाचवायची, असे ठरले. फ्लोरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्या कोटांच्या अस्तराला बुरशीचे बीजाणू चोळून ठेवले. ज्याच्या अंगावर कोट, तो पळून जाईल तिथे बुरशी पुन्हा वाढवू शकेल. ऑगस्टमध्ये उंदरांवरच्या प्रयोगांचा निबंध लॅन्सेट या वैद्यकीय पत्रात आला.

उंदरापेक्षा माणूस सुमारे तीन हजार पट जड. तेवढे औषध आणायचे कुठून? औषध कंपन्या युद्धाच्या कामात अडकलेल्या. तेव्हा फ्लोरी यांनी आपल्या संस्थेचाच कारखाना केला. बुरशी पृष्ठभागावर पसरून वाढते, म्हणून उथळ भांडी हवीत. सुरुवातीला रुग्णालयातले बेडपॅन वापरले गेले. मग त्याच धर्तीवर हीटली यांनी चिनीमातीचे भांडे आखले आणि स्टॅफर्डशायरमधल्या कुंभारकामाच्या एका कारखान्याने ती शेकडोंनी बनवून दिली. रस पेरायला, उतरवायला आणि भांडी धुवायला सहा तरुणी नेमल्या गेल्या. दुधाचे कॅन, न्हाणीचे टब आणि जुने पुस्तकांचे कपाट जोडून हीटली यांनी अर्क काढण्याचे यंत्र उभे केले. विद्यापीठातल्या एका विद्वानाची संस्था दुधाच्या डेअरीसारखी दिसू लागली.

१२ फेब्रुवारी १९४१ रोजी ऑक्सफर्डच्या रॅडक्लिफ रुग्णालयात ४३ वर्षांच्या एका पोलीस शिपायाला पेनिसिलिनचे इंजेक्शन दिले गेले. त्याच्या चेहऱ्यावरचा जंतुसंसर्ग डोके, डोळा, खांदा आणि फुप्फुसापर्यंत पसरला होता. एक डोळा आधीच काढावा लागला होता. एका दिवसात ताप उतरू लागला, भूक लागली, पू ओसरला. औषध इतके थोडे होते की त्याच्या लघवीतून बाहेर पडलेले पेनिसिलिन रोज प्रयोगशाळेत नेऊन पुन्हा वेगळे काढले जाई आणि पुन्हा त्यालाच टोचले जाई. पाच दिवसांत सगळा साठा संपला. काही दिवस तो बरा राहिला, मग रोग उलटला आणि १५ मार्चला तो गेला. औषध हरले नव्हते. औषध पुरले नव्हते. या मृत्यूनंतर फ्लोरी यांनी पुढचे रोगी मुख्यतः लहान मुलांतून निवडले, कारण लहान शरीराला मात्रा कमी लागते. ती मुले वाचू लागली. पुढच्या चाचण्यांत रोग्यांच्या खाटांपाशी राहून नोंदी ठेवण्याचे बरेचसे काम एथेल फ्लोरी यांनी केले.

आता प्रश्न एकच होता, भरपूर औषध कसे करायचे. १९४१च्या उन्हाळ्यात फ्लोरी आणि हीटली बुरशी बरोबर घेऊन लिस्बनमार्गे अमेरिकेला गेले. इलिनॉय राज्यातील पिओरिया गावच्या सरकारी शेती प्रयोगशाळेत मक्यापासून स्टार्च काढताना उरणारे दाट पाणी वाया जात असे. ते बुरशीला खाऊ घातल्यावर पेनिसिलिन कितीतरी पटींनी वाढले. शिवाय उथळ भांड्यांऐवजी हवा खेळवलेल्या खोल टाक्यांत बुरशी वाढवण्याचे तंत्र तिथे बसवले गेले. हीटली मागे राहिले आणि फ्लोरी एका कंपनीच्या दारातून दुसऱ्या कंपनीच्या दारात फिरत राहिले. अखेर जुने स्नेही रिचर्ड्स कामी आले. ते आता अमेरिकेच्या युद्धकालीन वैद्यकीय संशोधन समितीचे प्रमुख होते. त्यांच्या शब्दावर कंपन्या पुढे आल्या.

त्याच वेळी आणखी चांगल्या बुरशीचा शोध सुरू झाला. सैन्याच्या विमानांनी जगभरची माती पिओरियाला आणली. आणि सर्वांत गुणी बुरशी निघाली ती गावच्या बाजारातून १९४३ साली आणलेल्या एका सडक्या खरबुजावर. क्ष-किरणांचा आणि अतिनील किरणांचा मारा करून तिचे अधिक उत्पादक वंश काढले गेले. त्याच वर्षी फ्लोरी उत्तर आफ्रिकेतल्या रणांगणावरच्या रुग्णालयांत गेले आणि जखमी सैनिकांवर औषध कसे वापरावे हे त्यांनी तिथल्या डॉक्टरांबरोबर ठरवले. १९४४ साली दोस्त सैन्य नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरले तेव्हा पेनिसिलिनच्या लाखो मात्रा बरोबर होत्या.

या सगळ्यात कीर्ती कोणाला मिळाली? १९४२ साली फ्लेमिंग यांनी ऑक्सफर्डहून मागून घेतलेल्या पेनिसिलिनने आपल्या एका परिचिताला मरणाच्या दारातून परत आणले आणि लंडनच्या वृत्तपत्रांत त्यांचे नाव झळकले. वार्ताहर ऑक्सफर्डलाही आले. फ्लोरी यांनी त्यांना दारातूनच परत पाठवले. आजारी मुलांचे आईबाप औषध मागत येतील आणि द्यायला औषध नसेल, ही त्यांची भीती होती. हेतू चांगला, पण त्यामुळे जगाला अर्धीच गोष्ट कळली. सहकारी नाराज झाले, फ्लोरी स्वतःही मनातून दुखावले गेले, पण पद्धत त्यांनी बदलली नाही. पेटंटचेही तसेच झाले. चेन यांचा आग्रह होता की पद्धतीचे पेटंट घ्यावे. इंग्लंडच्या वैद्यकीय धुरीणांनी ते अनैतिक ठरवले आणि फ्लोरी यांनी ते मानले. पुढे उत्पादनाच्या पद्धतींची पेटंटे अमेरिकेत घेतली गेली आणि इंग्लंडच्या कंपन्यांना पैसे मोजावे लागले. फ्लोरी आणि चेन यांच्या संबंधात जी कटुता आली, तिचे एक कारण हे होते.

१९४५ सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक फ्लेमिंग, चेन आणि फ्लोरी या तिघांना मिळाले. एका पारितोषिकाचे तीनहून अधिक वाटे करता येत नाहीत, म्हणून हीटली बाहेर राहिले. गणेशोत्सवात व्यासपीठावरचा कलाकार सगळ्यांना दिसतो आणि पडद्यामागे दोरी ओढणारा कोणाला दिसत नाही, तसेच ते झाले. ऑक्सफर्ड विद्यापीठाने १९९० साली हीटली यांना वैद्यकशास्त्राची सन्माननीय डॉक्टरेट दिली. विद्यापीठाच्या सुमारे आठशे वर्षांत वैद्यकीय पदवी नसलेल्या माणसाला हा मान प्रथमच मिळाला. उशीर झाला, पण हीटली तो पाहायला होते.

नोबेलनंतर काम थांबले नाही. पेनिसिलिन सापडले म्हणजे इतर बुरशींतही काही असणार, या विचाराने फ्लोरी यांच्या संस्थेत युद्धकाळातच कितीतरी बुरशी तपासल्या जात होत्या. जंतू मारणारे पदार्थ अनेक मिळाले. क्लॅव्हिफॉर्मिन मिळाले, हेल्व्होलिक आम्ल मिळाले. पण क्लॅव्हिफॉर्मिन जंतूंइतकेच माणसाच्या पेशींनाही विषारी निघाले आणि हेल्व्होलिक आम्लाचेही रोजचे औषध होऊ शकले नाही. या शोधाचे खरे दुखणे इथेच आहे. जंतू मारणे अवघड नाही. जंतू मारून माणूस राखणे अवघड. पेनिसिलिन जंतूच्या पेशीभोवतीची भिंत बांधू देत नाही आणि आपल्या पेशींना तशी भिंतच नसते, म्हणून ते इतके निर्धोक.

पण पेनिसिलिनलाही तोड निघत होती. १९४० सालीच चेन आणि त्यांचे सहकारी एडवर्ड एब्रहॅम यांनी दाखवून दिले होते की काही जंतू पेनिसिलिन फोडणारे द्रव्य तयार करतात. त्यावर उतारा मिळाला तो इटलीच्या सार्डिनिया बेटावरून. कॅग्लियारी शहरातले प्राध्यापक ज्युसेप्पे ब्रोत्झू यांना १९४५ साली समुद्राला मिळणाऱ्या सांडपाण्याजवळ एक बुरशी सापडली. तिचा रस विषमज्वराच्या जंतूंनाही रोखत होता. हाताशी साधने नसल्याने त्यांनी निबंध स्थानिक पत्रिकेत छापला आणि बुरशी फ्लोरी यांच्याकडे पाठवली. फ्लोरी यांच्या संस्थेत एब्रहॅम आणि गाय न्यूटन यांनी तिच्यातून सेफॅलोस्पोरिन सी वेगळे काढले. पेनिसिलिन फोडणाऱ्या द्रव्यापुढे ते टिकले. आज डॉक्टरांच्या चिठ्ठीवर सेफॅलेक्सिन, सेफिक्झाइम, सेफ्ट्रिअॅक्सोन अशी जी नावे दिसतात, ती सगळी त्याच कुळातली. या वेळी मात्र पेटंट घेतले गेले आणि एब्रहॅम यांनी आपल्या वाट्याच्या रकमेतून संशोधनासाठी विश्वस्त निधी उभारले. पहिल्या वेळचा धडा वाया गेला नव्हता.

फ्लोरी १९६० ते १९६५ या काळात रॉयल सोसायटीचे अध्यक्ष होते. मायदेशी कॅनबेरा येथे राष्ट्रीय विद्यापीठ आणि तिथली वैद्यकीय संशोधन संस्था उभी करण्यात त्यांनी पुष्कळ मेहनत घेतली. औषधांनी माणसे वाचतील, मग वाढत्या लोकसंख्येचे काय, ही चिंताही त्यांनी उत्तरायुष्यात वाहिली. १९६६ साली एथेल गेल्या. पुढच्या वर्षी त्यांनी जुन्या सहकारी मार्गारेट जेनिंग्ज यांच्याशी विवाह केला. २१ फेब्रुवारी १९६८ रोजी फ्लोरी यांचे निधन झाले. पुढे ऑस्ट्रेलियाच्या पन्नास डॉलरच्या नोटेवर त्यांचे चित्र आले.

आपल्या मुलखाशी या कथेचा धागा जुळतो तो पुण्याजवळ पिंपरी येथे. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने तिथे १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि आयातीवर अवलंबून असलेले पेनिसिलिन देशातच तयार होऊ लागले. वडोदऱ्यात एलेम्बिकनेही पुढे हे उत्पादन घेतले. ऑक्सफर्डमधल्या बेडपॅनमध्ये सुरू झालेले काम पंधरा वर्षांच्या आत आपल्या दवाखान्यांपर्यंत आले.

आज बुरशींतून नवे जंतुनाशक शोधण्याचे काम पुन्हा निकडीचे झाले आहे, कारण जंतू जुन्या औषधांना सरावत चालले आहेत. साध्या सर्दीला दुकानातून परस्पर गोळ्या आणणे, ताप उतरला की तिसऱ्या दिवशी औषध बंद करणे आणि उरलेल्या गोळ्या पुढच्या वेळेसाठी डब्यात ठेवणे, या सवयी आपल्या घराघरांत आहेत. त्या शिपायाला वाचवायला आणखी थोडे औषध हवे होते आणि ते नव्हते. आपल्याकडे ते आहे. डॉक्टरांनी सांगितले तरच घेणे आणि घेतले तर पुरते घेणे, एवढे तरी आपण फ्लोरी आणि त्यांच्या सोबत्यांचे देणे लागतो.